विश्लेषण : मृगातला तांबडा तारा मंदावला, तरी फुटला का नाही?

डिसेंबर २०१९ मध्ये मृग नक्षत्राकडे नेहमी पाहणाऱ्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. हरणाच्या चार पायांपैकी एका पायाशी ठळक चमकणारा तांबूस तारा फिका पडला होता. दोन महिन्यांत त्याचे तेज नेहमीच्या जेमतेम एक तृतीयांशावर आले. ‘तारा फुटणार’ अशा बातम्या जगभर पसरल्या, समाजमाध्यमांवर त्याला तिखटमीठ लागले. एप्रिल २०२० पर्यंत तारा पुन्हा पूर्ववत झाला. त्यानंतरही ‘लवकरच आकाशात दुसरा चंद्र’ असे संदेश अधूनमधून फिरतच असतात. त्या हिवाळ्यात नेमके काय घडले होते, हा तारा कधी फुटणार आणि फुटला तर आपले काय, याचा हा आढावा.

हा तारा नेमका कोणता?

मराठीत त्याला काक्षी म्हणतात, जगभर तो बीटलज्यूस या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे ज्या ताऱ्यांत हरीण दिसते, त्याच ताऱ्यांत पाश्चात्त्यांना ओरायन नावाचा शिकारी दिसतो. आपल्या हरणाचा हा पाय म्हणजे त्यांच्या शिकाऱ्याचा खांदा. आर्द्रा नक्षत्राची योगतारा म्हणूनही अनेक अभ्यासक याच ताऱ्याकडे बोट दाखवतात.

बीटलज्यूस हे नाव मात्र एका चुकीतून आले आहे. मूळ अरबी नावाचा अर्थ ‘जौझाचा हात’ असा. अरबी लिपीत ‘य’ आणि ‘ब’ या अक्षरांत एका टिंबाचा फरक असतो. मध्ययुगात लॅटिनमध्ये उतरवताना ‘यद’मधल्या ‘य’चा ‘ब’ झाला आणि चुकीचे नावच रूढ झाले.

लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ या ग्रंथाचा विषय हेच नक्षत्र होते. वसंतसंपात मृगात असल्याचे उल्लेख वेदवाङ्मयात आहेत, असे मांडून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे चार हजार वर्षांपर्यंत मागे नेला. त्यांचा निष्कर्ष वादाचा ठरला. पण माणसाच्या स्मृतीत ही आकृती किती जुनी आहे, याची कल्पना त्यावरून येते.

तो किती मोठा आणि किती दूर?

काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या साधारण १५ ते २० पट, पण त्रिज्या सूर्याच्या सुमारे ७५० पट. सूर्याच्या जागी तो ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ त्याच्या पोटात जातील आणि त्याचा पृष्ठभाग लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोहोचेल. एवढ्या फुगलेल्या ताऱ्याचे बाहेरचे थर अत्यंत विरळ असतात. पृष्ठभागाचे तापमान सुमारे साडेतीन हजार अंश, म्हणजे सूर्यापेक्षा बरेच कमी. तांबूस रंग त्यामुळेच.

सूर्य सोडून ज्याचा आकार सर्वप्रथम मोजला गेला, तो तारा हाच. १३ डिसेंबर १९२० रोजी कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत १०० इंची दुर्बिणीवर इंटरफेरोमीटर बसवून अल्बर्ट मायकेल्सन आणि फ्रान्सिस पीस यांनी ही किमया साधली. १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने त्याच्या तबकडीचे थेट छायाचित्र घेतले. सूर्याव्यतिरिक्त दुसऱ्या ताऱ्याचा पृष्ठभाग असा पहिल्यांदाच दिसला.

अंतराच्या बाबतीत मात्र हा तारा त्रास देतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. हात लांब करून अंगठा आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने पाहिला की तो सरकतो, तसेच हे. त्या सरकण्यावरून अंतर काढतात. पण काक्षीची तबकडीच या सरकण्याच्या जवळपास दहापट रुंद आहे, शिवाय तिच्यावरचे तेजस्वी डाग जागा बदलत राहतात. त्यामुळे नेमका मध्य धरता येत नाही. हिप्पार्कोस उपग्रहाच्या १९९७ च्या मोजणीनुसार अंतर सुमारे ४३० प्रकाशवर्षे होते. रेडिओ दुर्बिणींची मदत घेतल्यावर २०१७ मध्ये ते सुमारे ७२० वर गेले. २०२० मधील एका अभ्यासात ते साडेपाचशेच्या आसपास निघाले. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश साधारण बहमनी राजवटीच्या काळात तिथून निघालेला आहे.

२०१९ मध्ये नेमके काय झाले?

काक्षीचे तेज कमीजास्त होते, हे नवे नाही. जॉन हर्शेल यांनी १८३६ पासून ते टिपले होते. तारा श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि आकसतो. त्याचे एक आवर्तन सुमारे ४०० दिवसांचे आणि दुसरे जवळपास सहा वर्षांचे.

ऑक्टोबर २०१९ पासून मात्र तेज नेहमीपेक्षा खूपच खाली जाऊ लागले. एडवर्ड गिनन आणि रिचर्ड वासाटोनिक यांनी डिसेंबरमध्ये ही बाब खगोलशास्त्रज्ञांना कळवली. एरवी अर्ध्या प्रतीच्या आसपास असणारा तारा फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा फिका. एरवी आकाशातील पहिल्या दहा-अकरा तेजस्वी ताऱ्यांत गणला जाणारा काक्षी तेव्हा मृगातल्याच दुसऱ्या पायाच्या, बेलाट्रिक्सच्या बरोबरीला आला होता. हा फरक टिपायला दुर्बीण लागत नव्हती.

महाकाय तारे आयुष्याच्या अखेरीस सुपरनोव्हा, म्हणजे अतिनवतारा होऊन फुटतात आणि काक्षीचाही शेवट तोच आहे. त्यामुळे ‘हीच ती वेळ’ ही शंका स्वाभाविक होती. ताऱ्याचा अभ्यास करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मात्र तेव्हाही सबुरीचाच सल्ला दिला होता.

मंदावण्याचे कारण कसे सापडले?

दोन शक्यता होत्या. तारा स्वतः थंड झाला असेल किंवा त्याच्यासमोर काहीतरी आले असेल. उत्तर दोन्हींच्या बेरजेत निघाले आणि ते वेगवेगळ्या तीन ठिकाणांहून आले.

पहिला पुरावा चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपचा. मिगेल मोंतार्जेस यांच्या गटाकडे ताऱ्याचे जानेवारी २०१९ मधील छायाचित्र होते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी तो पुन्हा टिपला. जानेवारीत गोल आणि उजळ दिसणाऱ्या तबकडीचा दक्षिणेकडचा भाग डिसेंबरमध्ये काळवंडला होता. समोर धुळीचा ढग आल्याचा निष्कर्ष या गटाने जून २०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला.

दुसरा पुरावा हबलचा. अँड्रिया डुप्री आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१९ या काळात अतिनील प्रकाशात घेतलेल्या नोंदींत दक्षिणेकडील भागातून तप्त, दाट वायू ताशी सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटर वेगाने बाहेर पडताना दिसला. तारा मंदावण्याच्या आधीच हे घडले होते. हा वायू ताऱ्यापासून दूर जाऊन थंड झाला, गोठला आणि त्याची धूळ झाली. २०२२ मध्ये या गटाने सांगितले, की बाहेर फेकलेला ऐवज आपल्या चंद्राच्या वस्तुमानाच्या कित्येक पट होता.

तिसरा पुरावा अनपेक्षित होता. जपानचा हिमावारी-८ हा हवामान उपग्रह २०२२ पर्यंत ढग आणि वादळांच्या नोंदी घेण्यासाठी दर दहा मिनिटांनी पृथ्वीचे छायाचित्र घेत असे. चित्राच्या कडेला थोडे काळे आकाशही येई आणि त्यात अधूनमधून काक्षी सापडे. टोकियो विद्यापीठातील दाइसुके तानिगुची यांच्या गटाने साडेचार वर्षांच्या छायाचित्रांतून तो वेचला. उपग्रह अवरक्त प्रकाशातही पाहत असल्याने धूळ आणि तापमान दोन्हींचा अंदाज आला. ताऱ्याचे तापमान सुमारे १४० अंशांनी उतरले होते आणि त्याच्यासमोर धूळही जमली होती. दोहोंचा वाटा जवळपास सारखा होता.

तारा असा वायू का फेकतो?

भांड्यात आमटी उकळताना खालचा गरम भाग वर येतो आणि थंड झालेला खाली जातो. ताऱ्याच्या बाहेरच्या थरांतही असेच अभिसरण चालते. सूर्यावर असे बुडबुडे लाखोंच्या संख्येने असतात आणि प्रत्येकाचा आकार एखाद्या मोठ्या राज्याएवढा. काक्षीवर ते मोजकेच, पण अवाढव्य असतात. एकेक बुडबुडा ताऱ्याच्या तबकडीचा मोठा हिस्सा व्यापतो. त्यात पृष्ठभागाजवळ गुरुत्वाकर्षण क्षीण. त्यामुळे एखादा मोठा बुडबुडा आणि फुगण्याची वेळ एकत्र जुळली, की वायूचा मोठा लोट बाहेर निसटतो.

२०१९ मधील घटना म्हणजे ताऱ्याला आलेली एक मोठी ढेकर होती. तिचे परिणाम मात्र लगेच संपले नाहीत. त्यानंतर ४०० दिवसांचे नेहमीचे आवर्तन विस्कटले, २०२३ मध्ये तारा उलट नेहमीपेक्षा जास्त उजळला. घंटेला जोरात धक्का बसल्यावर ती काही काळ वेडीवाकडी वाजत राहावी, तसे हे.

‘काही दशकांत फुटेल’ हा दावा कुठून आला?

२०२३ मध्ये हिदेयुकी साइओ आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याच्या आवर्तनांचा नव्याने अर्थ लावला. सहा वर्षांचे आवर्तन हेच ताऱ्याचे मूळ स्पंदन मानले, तर तारा आयुष्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, गाभ्यातील कार्बन संपत आलेल्या अवस्थेत असावा, असे त्यांचे गणित होते. ते खरे असेल तर स्फोट काही दशकांवर येतो. बातम्यांनी नेमके तेवढेच उचलले.

पण इतके संथ मूळ स्पंदन असण्यासाठी तारा फार मोठा हवा, त्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १,३०० पट हवी. प्रत्यक्ष मोजमापे तेवढा आकार दाखवत नाहीत, असा आक्षेप लास्लो मोल्नार, मेरिडिथ जॉइस आणि शिंग-ची लुंग यांनी लगेच नोंदवला. त्यांच्या हिशेबाने ४०० दिवसांचे आवर्तन हेच मूळ स्पंदन आहे आणि गाभ्यात अजून हेलियम जळते आहे. बहुतांश तज्ज्ञ याच मताकडे झुकतात. मग सहा वर्षांच्या आवर्तनाचे काय? त्याचे उत्तर वेगळ्याच दिशेने आले.

काक्षीला सोबती आहे का?

ताऱ्याभोवती एखादा छोटा तारा फिरत असावा आणि सहा वर्षांचे आवर्तन त्याच्या फेरीमुळे दिसत असावे, असे भाकीत २०२४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी केले. जुलै २०२५ मध्ये हवाईतील जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने घेतलेल्या नोंदींच्या आधारे स्टीव्ह हॉवेल यांच्या गटाने हा सोबती दिसल्याचे जाहीर केले. तो अंदाजे दीड सूर्याच्या वस्तुमानाचा आहे. पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे चौपट अंतरावरून, म्हणजे महाराक्षसी ताऱ्याच्या जवळपास अंगाला खेटून तो फिरतो. काक्षीच्या तुलनेत तो इतका अंधूक आहे, की आजवर कुणालाच दिसला नव्हता.

त्याला सिवारहा असे नाव मिळाले आहे. अरबीत त्याचा अर्थ ‘तिचे कंकण’. जौझाच्या हाताला कंकण शोभून दिसते. हा शोध अजून पक्का झाल्याचे सगळे मानत नाहीत. नोव्हेंबर २०२७ च्या सुमारास सोबती पुन्हा काक्षीपासून जास्तीत जास्त दूर दिसेल, तेव्हा तपासणीची चांगली संधी आहे.

मग फुटणार तरी कधी?

तारा किती जगणार, हे त्याच्या वस्तुमानावर ठरते. जास्त वजनाच्या ताऱ्याकडे इंधन जास्त असते, पण उधळपट्टी त्याहून कितीतरी जास्त. साडेचार अब्ज वर्षांच्या सूर्याची निम्मी वाटचाल अजून बाकी आहे. काक्षी जेमतेम ८० लाख ते एक कोटी वर्षांचा असून उतारवयात पोहोचला आहे.

गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर तो फुगून तांबडा झाला. आता हेलियम जळते आहे. ते संपले की कार्बन, मग निऑन, ऑक्सिजन आणि सिलिकॉन अशी पाळी येईल. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा झटपट उरकते. कार्बन फार तर हजारेक वर्षे पुरतो, सिलिकॉन काही दिवसच. शेवटी लोखंड उरते. त्यातून ऊर्जा निघत नाही, गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि तारा फुटतो. २०२० मधील अभ्यासानुसार काक्षीला या टोकापर्यंत पोहोचायला आणखी सुमारे एक लाख वर्षे लागतील.

यात एक मेख आहे. गाभ्यात काय जळते आहे, हे बाहेरून थेट दिसत नाही. शेवटच्या पायऱ्या इतक्या झटपट होतात, की बाहेरच्या थरांना त्याचा पत्ता लागायला वेळच मिळत नाही. त्यामुळे पृष्ठभाग मंदावला म्हणून स्फोट जवळ आला, असा थेट अर्थ काढता येत नाही. ‘तो कदाचित आधीच फुटला असेल, प्रकाश वाटेत असेल’ हे वाक्यही वारंवार ऐकू येते. लाखभर वर्षांच्या हिशेबात प्रकाशाच्या प्रवासाची सहाशे-सातशे वर्षे म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. शक्यता शून्य नाही, पण तिच्यावर पैज लावण्यासारखीही नाही.

फुटला तर पृथ्वीला धोका आहे का?

नाही. अशा स्फोटाची झळ पृथ्वीवरील जीवसृष्टीला लागायची तर तो काही दशक प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागेल. काक्षी त्याच्या दहापट तरी दूर आहे.

दृश्य मात्र विलक्षण असेल. तारा साधारण अर्ध्या चंद्राइतका प्रकाश देईल, पण तो एका बिंदूतून येईल. काही महिने तो दिवसाही दिसेल. असे पूर्वीही घडले आहे. मृगाच्या शेजारी, वृषभ राशीत १०५४ मध्ये फुटलेला तारा चिनी निरीक्षकांनी २३ दिवस भरदिवसा पाहिला. त्याचे अवशेष आज क्रॅब तेजोमेघ म्हणून ओळखले जातात. तो काक्षीच्या सुमारे दहापट दूर आहे. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी नीट पाहिला गेलेला शेवटचा सुपरनोव्हा १६०४ मधला, म्हणजे दुर्बीण आकाशाकडे वळण्यापूर्वीचा.

पहिली वर्दी प्रकाश देणार नाही, न्यूट्रिनो हे अतिसूक्ष्म कण देतील. गाभा कोसळताच ते निसटतात. प्रकाशाला मात्र स्फोटाची लाट पृष्ठभागापर्यंत येईतो थांबावे लागते. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेत, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर तारा फुटला, तेव्हा प्रकाशाच्या काही तास आधी हे कण जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातील उपकरणांत नोंदले गेले. जेमतेम दोन डझन कणांनी तेव्हा ताऱ्याच्या मृत्यूचा सिद्धान्त पक्का केला. काक्षी त्याहून शेकडो पटींनी जवळ आहे, त्यामुळे कणांचा अक्षरशः पूर येईल. जगातील न्यूट्रिनो प्रयोगांनी अशा क्षणासाठी पूर्वसूचनेचे जाळेही उभारले आहे.

दोन-तीन वर्षांत तेज ओसरेल. मागे बहुधा न्यूट्रॉन तारा आणि पसरत जाणारा वायूचा ढग उरेल. डोळ्यांनी पाहणाऱ्यांसाठी मृगाचा एक पाय कायमचा नाहीसा झालेला असेल.

पावसाळ्यात त्याच्यावर नजर कोण ठेवते?

मृगाचा पाऊस शेतकऱ्याला ठाऊक असतो, पण त्या दिवसांत मृग नक्षत्र रात्री दिसत नाही. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृगात जातो, २१-२२ तारखेला आर्द्रात. म्हणजे सूर्यच त्या भागात असल्याने हे तारे दिवसा माथ्यावर असतात आणि उजेडात बुडून जातात. साधारण मे ते ऑगस्ट हा काळ खगोलशास्त्रज्ञांसाठीही आंधळा असतो.

२०२० मध्ये तारा नुकताच सावरला होता आणि नेमकी तेव्हाच ही खंडाची वेळ आली. त्या वेळी नासाचे स्टीरिओ हे सूर्याचा अभ्यास करणारे यान कामी आले. ते पृथ्वीपासून दूर, वेगळ्या कोनात असल्याने त्याला काक्षी दिसत होता. मे ते जुलैदरम्यान तारा पुन्हा काहीसा मंदावल्याचे त्यानेच टिपले.

आपण काय पाहू शकतो?

मार्गशीर्षाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरमध्ये, रात्री आठ-नऊच्या दरम्यान पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. एका ओळीतले तीन तारे, हरणाच्या पोटातला बाण, सहज सापडतात. त्यांच्या डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे दिसणारा तांबूस तारा काक्षी आणि उजवीकडचा निळसर पांढरा राजन्य. बाणाची रेघ वर वाढवली की रोहिणी लागते, खाली वाढवली की व्याध.

आता काक्षीची तुलना रोहिणीशी करा. रोहिणीही तांबूस असल्याने तुलना सोपी जाते. नेहमीच्या दिवसांत काक्षी रोहिणीपेक्षा उजळ असतो. तो रोहिणीइतकाच किंवा तिच्याहून फिका वाटला तर नोंद करण्यासारखे काहीतरी घडते आहे. अशा हौशी निरीक्षकांच्या नोंदी बदलत्या ताऱ्यांचा मागोवा घेणारी अमेरिकेतील संस्था १९११ पासून जमवते आहे. २०१९ मधील घट किती असाधारण होती, हे आधीच्या अनेक दशकांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणूनच ठरवता आले.

यातली सर्वांत जुनी नोंद दोन हजार वर्षांपूर्वीची असू शकते. चिनी इतिहासकार सिमा च्येन यांनी इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास या ताऱ्याचे वर्णन पिवळा असे केले आणि ज्येष्ठाला तांबडे म्हटले. तेव्हा काक्षी खरोखरच पिवळसर होता आणि नंतरच्या काळात फुगून तांबडा झाला, असे जर्मनीतील एका गटाने २०२२ मध्ये सुचवले. एका माणसाने एका रात्री रंग लिहून ठेवला, त्यातून ताऱ्याच्या वयाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न आज होतो आहे. फेब्रुवारी २०२० मधील १.६ हा आकडाही तसाच पुढच्यांच्या हाती जाईल. तारा बहुधा तोवर तिथेच असेल.